सोसायटीच्या नोटिशीवर लाल पेन

पत्र थोडक्यात असं आहे (मूळ पत्र बरंच लांब, नाव-गाव काढलंय):

‘वय ६८. मुंबईजवळच्या एका उपनगरात राहतो. ३४ वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. चुकीचं इंग्रजी दिसलं किंवा ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, बातम्यांची पट्टी, कुठेही बघा, स्पेलिंग नाही, ग्रामर नाही, प्रोनाउन्सिएशन तर विचारूच नका. रिसीटला रिसीप्ट, वेन्सडेला वेडनसडे. कझिन ब्रदर, रिटर्न बॅक, डिस्कस अबाऊट. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पस्तिशीचा, गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेला. त्याने टँकरच्या पाण्याची आणि पार्किंगची नोटीस लावली, त्यात रेसिडेंट्सच्या जागी रेसिडेन्स, पार्किंगचा स्टिकर हरवला तर काय करायचं तिथे ‘लूझ’मध्ये एक ओ जास्त घालून ‘लूस’, अशा एकूण अकरा चुका. मी लाल पेनने दुरुस्त केल्या आणि गंमत म्हणून खाली ९/२० मार्क दिले. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, लोक हसले, त्याने राजीनामा दिला. आता टँकर, लिफ्टचं काम, सगळं अडलंय, दुसरं कोणी पुढे येत नाही आणि बायको म्हणते तुमच्यामुळे. चुकीला चूक म्हणणं हा गुन्हा आहे का? आणि ही चिडचिड कमी कशी करायची? घरी सूनबाई मराठी मीडियमची आहे, ती हल्ली माझ्यासमोर नातवाशी इंग्रजी बोलत नाही, ते एका अर्थी बरंच. तिनेच फोनवर मराठी टायपिंग शिकवलं म्हणून हे पत्र लिहू शकलो. ता. क. ‘रिव्हर्ट बॅक’ हल्ली चालतं का?’

सर, नमस्कार.

आधी सांगून टाकते, मी तुमच्याच पंथातली आहे. हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की मी पदार्थ बघायच्या आधी स्पेलिंग बघते, मंचुरियनचं स्पेलिंग एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलेलं सापडलं की नवऱ्याला दाखवते आणि तो बिचारा सूप मागवून मोकळा होतो. त्यामुळे तिडीक जाते म्हणजे काय होतं ते मला नीट माहितीय, तुम्हाला खडूस म्हणायला मी इथे बसलेली नाही.

चुकीला चूक म्हणणं गुन्हा नाहीच. पण तुम्ही तेवढंच केलंत का? तुम्ही मार्क दिलेत सर. वीसपैकी नऊ. तो मुलगा परीक्षेला बसलाच नव्हता हो, तो ऑफिसातून आल्यावर रात्री साडेदहाला टँकरवाल्याला फोन करून, पैशांची जुळवाजुळव करून, मग लोकांना कळावं म्हणून फोनवर घाईघाईने चार ओळी टाईप करून प्रिंट काढून चिकटवून गेला असणार (सेक्रेटरी लोकांचं आयुष्य असंच असतं, माझा सख्खा भाऊ दोन वर्षं होता, केस पांढरे झाले). अकरा चुका असलेल्या त्या नोटिशीतून उद्या पाणी कधी येणार हे सगळ्यांना कळलं की नाही? तुम्हालाही कळलं असणार, तुम्ही बादल्या भरून ठेवल्या असणार.

आता एक जरा खोडसाळपणा करणार आहे, राग मानू नका. तुमच्या मूळ पत्रात ‘प्रोनाउन्सिएशन’ हा शब्द चार वेळा आलाय. सर, मधला ‘नाउ’ क्रियापदात असतो, प्रनाउन्स करणं यातला. नाम झालं की तो ‘नाउ’ जातो आणि उच्चार ‘प्रनन्सिएशन’च्या जवळपास होतो, स्पेलिंगमधूनही तिथला ओ गळतो. कुठलीही डिक्शनरी उघडून बघा.

हे वाचताना पोटात काहीतरी झालं ना? कदाचित लगेच मनात आलं असेल की आमच्या वेळी असंच म्हणायचे, किंवा टायपिंगमध्ये तसं आलं, किंवा ही कोण टिकोजीराव लागून गेली. सेक्रेटरीला नोटीस बोर्डासमोर उभं राहून नेमकं हेच वाटलं असणार, फक्त तुमचं नाव मी छापलेलं नाही आणि त्याची सही त्या नोटिशीखाली होती.

मी हे अनुभवलंय म्हणून सांगते. पहिल्या नोकरीत, मी तेवीसची असेन, एका मीटिंगमध्ये मी ‘रिसीप्ट’ म्हणाले. साहेबांनी मला थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं की त्यातला पी म्हणायचा नसतो, दहा-बारा जण होते, दोघं-तिघं हसले, विषय संपला. साहेब अगदी बरोबर होते. पण त्यानंतर मी काय केलं माहितीय? पुढचे दोन महिने मी तो शब्दच टाळला, ‘बिल’ म्हणायचे, ‘पावती’ म्हणायचे, एकदा तर ‘दॅट पेपर’ म्हणाले. शिकण्याचं नावच नाही, मी फक्त लपायला शिकले. तुमच्या सूनबाई तुमच्यासमोर इंग्रजी का बोलत नाहीत याचा अंदाज मला त्यामुळे आहे, पण त्यांच्याकडे मी नंतर येते.

तो पी तरी काय लायकीचा आहे बघा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात पी नव्हता. पुढे लॅटिन येणाऱ्या विद्वानांना वाटलं की मूळ लॅटिन शब्दात पी आहे तर इथेही दिसायला हवा, म्हणून घातला. उच्चारात नाही, फक्त लिहिण्यात, आपलं लॅटिन दाखवायला. त्याच कुळातल्या ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ या शब्दांत मात्र घालायचा राहून गेला, ते आजही पीशिवाय सुखाने नांदतायत. ‘डेट’, म्हणजे कर्ज, त्यातला बी तसाच घुसडलेला. आणि ‘आयलंड’मधल्या एसला तर काहीच आधार नाही, त्या शब्दाचं लॅटिनशी नातंच नव्हतं, दुसऱ्या एका शब्दावरून गैरसमज झाला आणि एस येऊन बसला तो बसलाच. म्हणजे चूक विद्वानांनी केली आणि तिची शिक्षा आमच्या पोरांना, पाचवीत छडी खाऊन. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, तेव्हा इंग्रजीतले स्वर आपली जागा सोडून सरकत होते, ते सरकणं पुढे दोनेकशे वर्षं चाललं आणि छापलेली स्पेलिंगं मात्र हळूहळू जागच्या जागी गोठत गेली. शेक्सपिअरच्या हातच्या म्हणून ज्या सहा सह्या दाखवतात, त्यांत नावाचं स्पेलिंगसुद्धा एकसारखं नाही. तुमच्या वर्गात असता तर त्याला किती मार्क मिळाले असते हो?

आणि आपला मराठी शाळेतला मुलगा ‘वेडनसडे’ का म्हणतो, कारण तो प्रामाणिक आहे. त्याला बालवाडीपासून शिकवलंय की जे लिहिलंय ते वाचायचं. देवनागरीत ‘क’ लिहिला की ‘क’च म्हणायचा असतो, तो रुसून गप्प बसत नाही. त्या पोरासमोर डी लिहून ठेवायचा आणि म्हणायचं की हा आहे पण नाही, तर तो डी म्हणणारच. बरं, तो डी तिथे ज्या वोडन देवाच्या नावाने उभा आहे त्या देवाची आठवण इंग्रजी जिभेने कधीच टाकली, आमचा झेडपीचा पोरगा तेवढी ठेवतोय!

तुम्ही दिलेल्या यादीकडे येते, कारण ती यादी मला पत्रातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली, खरंच. तुम्ही तिला चुकांची यादी म्हणता, मी ती वाचत होते तर मला प्रत्येक ओळीखाली एक मराठी वाक्य दिसायला लागलं. ‘डिस्कस अबाऊट’ घ्या. आपण कशाबद्दल तरी चर्चा करतो, त्या ‘बद्दल’ला कुठेतरी जागा हवी, तो अबाऊट होऊन शिरतो. ‘मॅरीड विथ’ तसंच, आपलं लग्न कोणा‘शी’ तरी होतं. ‘कझिन ब्रदर’वर तुम्ही फार चिडलायत, पण ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार वेगळे आहेत आणि त्यांच्या बहिणी वेगळ्या, त्या भाषेतल्या माणसाला नुसतं ‘कझिन’ म्हणजे उघड्यावर सोडल्यासारखं वाटतं, भाऊ की बहीण एवढं तरी सांगू दे की त्याला. आणि माझं सगळ्यात लाडकं, ‘आय वॉज देअर ओन्ली’. हसतात लोक त्याला. अहो पण तो ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’ आहे! मी तिथेच होतो. तो ‘च’ आपल्याला इतका प्यारा आहे की परदेशी भाषेत गेलो तरी त्याला घरी ठेवून जाववत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना ही, आणि ती चिडचिडीवरचा उपाय म्हणून देतेय. एक वही करा. डाव्या पानावर ऐकलेलं इंग्रजी वाक्य, जसंच्या तसं. उजव्या पानावर त्याच्या पोटात लपलेलं मराठी वाक्य, किंवा गुजराती, तमिळ, तुमच्या सोसायटीत जे असेल ते, माहीत नसेल तर त्या माणसाला विचारून. ३४ वर्षं शिकवलेल्या माणसाला हे जमेल तसं कोणाला जमणार नाही. चीड आणि कुतूहल ही दोन्ही एकदम येत नाहीत असं मला माझ्यापुरतं तरी दिसलंय, मेन्यूकार्डांची मीही आता वही ठेवते. त्यात एक ‘चिकन सिक्स्टी फाय’ आहे, फाईव्हमधला व्ह गायब, आणि तो वाढणाऱ्या पोराने सांगितलं की मालकच तसं म्हणतात.

व्ह वरून आठवलं. आपल्याकडे व एकच, इंग्रजीत दोन, व्ही आणि डब्ल्यू. तुम्ही लिहिलंय की मराठी माणसाला यातला फरक कधीच कळत नाही. बोलताना गडबड होते हे मान्य, पण लिहिताना आपल्याच लोकांनी किती सुबक तोड काढलीय बघा, व्हीला व्ह आणि डब्ल्यूला व. व्हॅन, व्होट, व्हिटॅमिन एका बाजूला आणि वॉच, वायर, वॉर्ड दुसऱ्या बाजूला. कान नसता तर हे सुचलं असतं का? (आता व्हॉट्सॲपमध्ये व्ह कुठून आला तर तो डब्ल्यूच्या शेजारच्या एचमुळे. तिथे आपली यंत्रणा जरा कोसळते, असो.)

आणि यादीतले निम्मे शब्द तर आता इंग्रजी राहिलेलेच नाहीत. ‘लाईट गेली’ हे चुकीचं इंग्रजी आहे असं तुम्ही म्हणता, सर ते शुद्ध मराठी आहे. बस ती, ट्रक तो, तिकीट ते, हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणी नाही, तरी अख्ख्या महाराष्ट्राचं त्यावर बऱ्यापैकी एकमत आहे. बॉटलची बाटली झाली, प्लटूनची (काही म्हणतात बटालियनची) पलटण झाली, रिक्रूटचा रंगरूट झाला, आणि आज पलटण या शब्दावर कोणी लाल पेन चालवत नाही. उलट्या बाजूनेही हेच झालंय. इंग्रजांना पुणे म्हणता आलं नाही, पूना केलं. खडकीची किर्की केली आणि १८१७ ची ती लढाई त्यांच्या कागदोपत्री किर्कीची लढाई म्हणूनच राहिली. आपलं मुंगूस नेलं आणि त्याचं मंगूस केलं, इंग्रजी डिक्शनरीत तो शब्द मराठीवरून आल्याचं लिहिलंय. आपण त्यांना वीसपैकी मार्क दिल्याचं ऐकिवात नाही.

आता जरा टोचेल असं बोलते. तुमच्या ओळखीत कोणी फ्रेंच किंवा जपानी माणूस असेल, किंवा टीव्हीवर पाहिला असेल, तो ‘द’ला ‘झ’ म्हणतो, आर्टिकलं खातो, तेव्हा तिडीक जाते का? माझी नाही जात. मला ते गोड वाटतं. मग सेक्रेटरीच्याच वेळी का? याचं उत्तर मला मराठीत सापडलं. ‘आनि’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभं करून दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावणारे मास्तर माझ्याही शाळेत होते. न आणि ण चा प्रश्न वरवर उच्चाराचा असतो, पण हसणारे हसतात ते मुलाच्या गावाला, घराला आणि जातीला, हे त्या मुलाला तिसरीतच कळतं. इंग्रजीचंही आपल्याकडे तेच झालंय. चूक ऐकू येते तेव्हा आपण मनातल्या मनात त्या माणसाची शाळा, मीडियम, बापाची ऐपत हे सगळं मोजून मोकळे झालेले असतो. तुम्ही स्वतः पत्रात सेक्रेटरीची ओळख करून देताना ‘जिल्हा परिषद शाळेत शिकलेला’ हे लिहिलंत. टँकर कसा आणतो ते नाही लिहिलंत.

त्याच्या बाजूने एक साधा हिशोब. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याच्याआधी पहिलीत गेलेली मराठी शाळेतली मुलं पाचवीत पोचल्यावर ए बी सी डी गिरवायची. तुमचा सेक्रेटरी पस्तिशीचा म्हणजे जवळपास नक्की त्यातलाच. दहाव्या-अकराव्या वर्षी एक परकी भाषा सुरू करून, घरात कोणी बोलणारं नसताना, आज तो तीन-चार भाषांच्या लोकांना कळेल अशी नोटीस लिहितो. मार्कच द्यायचे तर या परिस्थितीत किती द्याल?

पण थांबा, म्हणून काहीही चालतं असं मी म्हणत नाहीये. ‘भाषा प्रवाही असते’ असं म्हणून सगळं माफ करणारे लोक मला तितकेच वैताग आणतात. काही चुका अर्थ बदलतात आणि तिथे बोललंच पाहिजे. औषधाच्या चिठ्ठीत, करारात, नोकरीच्या अर्जात. तुमच्याच पत्रात एक उदाहरण आहे जे तुम्ही इतरांसारखंच एका ओळीत उरकलंत, मेंटेनन्स ‘टिल टेन्थ’ भरा (हवं होतं ‘बाय टेन्थ’). आपल्या ‘दहा तारखेपर्यंत’मध्ये बाय आणि टिल दोन्ही मावतात, म्हणून ही चूक होते. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ‘टिल’ म्हणजे रोज भरत राहा दहापर्यंत असं काहीतरी वाटू शकतं. असंच ‘रिझाइन’ घ्या. रीनंतर एक छोटी आडवी रेघ दिली की राजीनाम्याऐवजी पुन्हा सही करतो असा उलटाच अर्थ होतो (तुमच्या सेक्रेटरीने राजीनाम्यात ती रेघ घातली असती तर तुमचे प्रश्न सुटले असते!). अशा चुका सापडणं ही खरी मास्तरकी. बाकी एक ओ कमी की जास्त, वाचणाऱ्याला स्टिकर हरवल्याचं कळतंच.

तर दुरुस्त कधी करायचं, यासाठी मी स्वतः तीन गोष्टी बघते, तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या इतरांनाही (दर महिन्याला एक-दोन येतात, बहुतेक नवरे बायकोच्या इंग्रजीबद्दल लिहितात, क्वचित उलटं) हेच सांगते. त्याने अर्थ बदलतोय का? समोरच्याने विचारलंय का, निदान त्याला हवंय का? आणि एकट्याला सांगता येतंय का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर पहिल्या दोनांचं काहीही असो, गप्प. आणि बोलायचंच तर तुम्ही वर्गात जे करत असाल ते करा, लहान पोरगं म्हणालं ‘यस्टरडे आय गो टू आजी’ की आपण म्हणायचं, ‘अरे वा, यू वेंट टू आजी! काय खाल्लंस?’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, गप्पा तुटल्या नाहीत, आणि ‘नो, वेंट’ असं म्हणून त्याचं तोंड बंद केलं नाही. मोठ्यांनाही हे चालतं, उलट मोठ्यांनाच जास्त लागतं.

आणि ज्यांच्यावर लाल पेन चालतो त्यांनी हे वाचत असाल तर, थँक्यू म्हणायचं आणि वाक्य पूर्ण करायचं. पूर्ण करायचंच. मी केलं नाही म्हणून मला दोन महिने ‘दॅट पेपर’ म्हणत फिरावं लागलं.

सेक्रेटरीकडे जा सर. ग्रुपवर सॉरी टाकून भागणार नाही, जिथे हसं झालं तिथे ते टाकाच, पण त्याच्या घरी जाऊन बेल वाजवा. जाताना इंग्रजीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवून जा, तुमची नोटीस कशी सुधारता येईल वगैरे तर मुळीच नाही. टँकरचं कसं जमवायचास ते विचारा आणि त्याला बोलू द्या. तुमच्याकडे दुपारी वेळ आहे, त्याच्याकडे नाही. लिफ्टवाल्याच्या फेऱ्या, पालिकेत अर्ज नेऊन देणं, यातलं एखादं काम तुम्ही अंगावर घेतलंत तर तो परत येण्याची थोडी तरी शक्यता आहे. पुढे कधी त्यानेच म्हटलं की सर जरा नोटीस बघून देता का, तर बघा, चिकटवायच्या आधी, पेन्सिलने. आणि तेव्हा एक सुचवूनही बघा की नोटीस वर मराठीत आणि खाली इंग्रजीत लावली तर कसं. तुमच्या सोसायटीत सगळे मराठी नसतील म्हणून तो इंग्रजीत लिहितो हे कळतं, पण त्याला मराठीत लिहिताना बघाल तर तो किती नेटकं लिहितो हे कदाचित तुम्हाला पहिल्यांदाच दिसेल. नाही परतला तर मात्र त्याच्यामागे लागू नका, सेक्रेटरीपद कोणालाच नको असतं, त्याला निमित्त मिळालं असंही असू शकेल.

आता सूनबाई. तीन पानांचं तुमचं पत्र, त्यात त्यांना दोन वाक्यं. पहिलं, ती माझ्यासमोर इंग्रजी बोलत नाही ते बरंच. दुसरं, तिनेच फोनवर मराठी टायपिंग शिकवलं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो?

मला सांगा, कीबोर्ड बदलायचं ते गोल चिन्ह कुठे असतं हे त्यांनी किती वेळा दाखवलं असेल? जोडाक्षर येत नाही म्हणून तुम्ही किती वेळा हाक मारली असेल, स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन त्यांनी किती वेळा ‘बाबा, आधी हे दाबा’ म्हटलं असेल? रफार कसा काढायचा यात माझ्या सासऱ्यांनी मला आठवडाभर पिडलं होतं म्हणून विचारतेय. त्यांनी तुम्हाला मार्क दिले का? फॅमिली ग्रुपवर तुम्ही पाठवलेल्या चुकीच्या मेसेजचा फोटो काढून माहेरी पाठवला का? तुमच्या पत्रात टायपिंगच्या चुका आहेत, होणारच. आणि शिवाय तुम्ही ‘कांही’, ‘नांव’ असं जुन्या अनुस्वाराने लिहिता. १९६२ च्या नियमांनी तो काढून टाकला, म्हणजे आजच्या हिशोबाने ती चूकच, पण माझ्या आजीच्या पोस्टकार्डांवर तो असायचा आणि तो दिसला की मला बरं वाटतं. संपादनात मी बाकीचं सारखं केलं, तुमचे अनुस्वार वर छापताना काढावे लागले, जिवावर आलं होतं.

सूनबाईंना ‘बोल गं इंग्रजी, मी काही म्हणणार नाही’ असं सांगू नका, त्याने त्या आणखी कानकोंड्या होतील. त्या नातवाशी बोलत असतील त्या खोलीत तुम्ही पेपर घेऊन बसता का? मग काही दिवस तेवढं करू नका, गॅलरीत बसा. आणि त्यांना जे येतं त्यातलं आणखी काहीतरी शिकवायला सांगा, फोनवरून लाईटचं बिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं, काहीही. शिकताना चुका. मुद्दाम चुकायची गरज पडणार नाही, आपल्या वयाला ते आपोआप होतं. वहीतलं एखादं पान त्यांना दाखवा, ‘ओन्ली’ आणि ‘च’ चं दाखवा, मला वाटतं त्या हसतील आणि स्वतःकडचं एखादं सांगतील. सांगितलं तर उजव्या पानावर त्यांच्या हातानेच लिहून घ्या.

राहिलं तुमचं ता. क. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं, पण आपल्याकडच्या ऑफिसांत तो उत्तर देणं या अर्थाने इतका रुळलाय की आता त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याला ‘बॅक’ जोडायची गरज नाही, तुमचं बरोबर आहे, मलाही खटकतं. पण या सदराचे संपादक मला दर आठवड्याला ‘प्लीज रिव्हर्ट बॅक विथ द आर्टिकल’ असा मेल टाकतात, मानधन वेळेवर पाठवतात, आणि मी वेळेवर रिव्हर्ट बॅक करते.